माझ्या खोलीतला वास

माझ्या खोलीत वास येतो ही गोष्ट मला सोडून घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. मला ती कुणी सांगितली नाही. आमच्या घरात अवघड गोष्ट सांगत नाहीत, तिला वळसा घालून वागतात. आधी माझ्या दाराबाहेरच्या फळीवर सुगंधी फवाऱ्याचा डबा आला. मग पाहुणे आले की माझं दार कुणीतरी हळूच ओढून घ्यायला लागलं, मी आत असताना. आणि मग भाचीने माझ्या पलंगावर बसणं सोडलं. ती उंबऱ्यात उभी राहायची, एक पाय बाहेर, आणि "आत्या, आई जेवायला बोलावतेय" एवढं म्हणून पसार व्हायची. डब्याचं मी मनावर घेतलं नाही, दाराचंही नाही. पण पोरगी बसेनाशी झाली ते मात्र मी मनावर घेतलं.

मी या घरातली मोठी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणारे सगळे आता वर गेलेत, त्यामुळे तो विषय मिटला. उभा जन्म दवाखान्याच्या धुलाईखान्यात काढला, शेवटची वर्षं तिथली प्रमुख म्हणून. रक्ताच्या, औषधांच्या, ओकारीच्या किती चादरी माझ्या हाताखालून पांढऱ्या होऊन गेल्या त्याला गणती नाही. चादर नीट धुतलीय की नुसती बुचकळलीय हे मी घडी न उलगडता नाकाने सांगायचे. हाताखालच्या बायका पाठीमागे मला नाकाडी म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. अशा बाईच्या खोलीला वास येतो, असं या घरात ठरलं होतं.

निवृत्त झाल्यावर दवाखान्याने दिलेली खोली सोडावी लागली. तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, दुसरीकडे कुठे जाणार तू? मागची खोली तुझीच." त्या वेळी तो मनापासून म्हणाला होता, हे मी आजही मानते. मागची खोली म्हणजे आधीची अडगळ. एक खिडकी, एक पलंग, एक कपाट, आणि कपाटाएवढंच न्हाणीघर. ते न्हाणीघर त्याने स्वतःच्या हाताने केलं, बेसिनसकट.

भाऊ एका कापडाच्या कंपनीत हिशेबनीस आहे, पण मनाने मिस्त्री. आमचे वडीलही तसेच होते. बाहेरचा कारागीर घरात शिरला की त्यांना घराण्याची अब्रू गेल्यासारखं वाटायचं. "आपल्या हातांना काय मेंदी लागलीय?" असं विचारायचे. भावाने तोच वसा पुढे चालवला. त्यामुळे आमच्या घरात बैठकीतला दिवा लावायला स्वयंपाकघरात जावं लागतं, गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो, आणि त्याबद्दल बोलायची सोय नाही. बोललं की त्याचा चेहरा लहान मुलासारखा पडतो आणि मग दोन दिवस घर सुतकात.

सुरुवातीची वर्षं मात्र चांगली गेली. भाची तेव्हा शाळेत होती. तिचे केस कमरेच्या खाली पोचत. बाहेरच्या मोठ्या न्हाणीघरात तिने जरा वेळ लावला की तिची आई दार बडवायची, म्हणून ती केस धुवायला माझ्याकडे यायची. बेसिनवर वाकून उभी राहायची, मी मगाने पाणी ओतायचे. मग माझ्याकडे पाठ करून पलंगावर बसायची आणि मी गुंता काढायचे. विंचरता विंचरता ती मला सगळं सांगायची, कोण कुणाशी बोलत नाही, कुठल्या बाईंनी कुणाला वर्गाबाहेर काढलं, घरात काय सांगायचं नाही. आठवड्यातला तो तास माझा होता. बाकीचा आठवडा मी त्या तासाची वाट बघण्यात घालवायचे, पण हे मी कुणाला कशाला सांगू.

मग बेसिनचं पाणी उतरेनासं झालं. दात घासले की फेसाचं तळं साचायचं आणि बऱ्याच वेळाने गुळगुळ करत खाली जायचं. भावाला सांगितलं. तो खूश झाला, कारण सुट्टीचा दिवस होता आणि दुरुस्तीला काही मिळालं की त्याचा दिवस सार्थकी लागतो. तार घातली, कसलासा जहाल द्रव ओतला. तरी पाणी ढिम्म. मग तो बेसिनखाली आडवा झाला. तिथे वळ्यावळ्यांचा प्लास्टिकचा पाइप होता, तो खाली चांगला लोंबून मग भिंतीत शिरायचा. "एवढा लोंबला तर पाणी कसं जाणार? त्याला सरळ रस्ता पाहिजे," असं म्हणून त्याने लोंबणारा भाग कापून टाकला आणि पाइप ताणून थेट भिंतीत बसवला. वर चिकटपट्टी. पाणी थोडं बरं उतरायला लागलं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "तूच जरा कमी पाणी सोडत जा," तो म्हणाला. मी कमी सोडायला लागले.

वासाची कुणकुण घरात लागली ती यानंतर. पण तेव्हा मला या दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत, कारण वास येतो हेच मला माहीत नव्हतं.

ते कळलं जेवणाच्या टेबलावर. भाची मैत्रिणीकडे गेली होती, आम्ही तिघंच होतो. भावजय म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला रात्री वेळेवर उठून जायला जमतं ना?"

"कुठे जायला?"

तिने भावाकडे बघितलं. भावाने ताटाकडे बघितलं. "नाही, वय झालं की होतं असं," भावजय म्हणाली. "त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या आईचंही शेवटी शेवटी तसंच व्हायचं."

मला समजायला थोडा वेळ लागला. जिने लोकांच्या ओल्या चादरी धुण्यात हाडं झिजवली तिला ही विचारत होती की तुम्ही अंथरूण ओलं करता का.

"काय ते सरळ बोल," मी भावाला म्हणाले.

"शहराबाहेर एक जागा आहे, ताई. आमच्या ऑफिसातल्या एकाची आई असते तिथे. बाग आहे. दिवसरात्र बाई असते मदतीला. नुसतं बघून तर येऊ."

"बाग मी काय बघितली नाही कधी?"

"वास येतो, ताई," तो म्हणाला. "तुझ्या खोलीत. घरात चार माणसं येतात. आणि तुला तो येत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे."

तो म्हणत होता ते शक्य होतं. धुलाईखान्यात नवी बाई आली की पहिले दिवस ओकायची, आणि महिन्याभरात त्याच ढिगाऱ्याला टेकून डबा खायची. ज्या वासात माणूस राहतो तो वास त्याला येत नाही. मी हे इतरांना शिकवलं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत मी स्वतःला जितकं हुंगलं तितकं कुत्र्यानेही खांबाला हुंगलं नसेल. दोनदा अंघोळ. गादी उन्हात. चादरी रोज उकळत्या पाण्यात, तेही कुणी घरात नसताना, कारण रोज चादर धुतेय हे दिसलं असतं तर भावजयीची खात्रीच पटली असती. कपाटातले कपडे नाकाशी धरून बसायचे. काही येत नव्हतं, आणि काही येत नाही म्हणूनच जास्त भीती वाटत होती. लाज अशी वाटायची की आरशात बघवेना.

ती जागा बघायला जाणं मात्र दर सुट्टीला पुढे ढकललं जात होतं. कधी भावाचं डोकं दुखायचं, कधी भावजयीला काम निघायचं. मी मनाशी म्हणायचे, भावाचं मन होत नाहीये. शेवटी रक्ताचं नातं आहे. मला फक्त एकच करायचं होतं, वास माझा नाही हे दाखवून द्यायचं. तेवढं झालं की ती जागाही गेली आणि बागही गेली, खोली माझी राहिली. एवढा सरळ हिशेब होता माझा.

नाक ताजं करायचं तर वासातून बाहेर पडायला हवं. एक दिवस सकाळीच निघाले आणि कोपऱ्यावरच्या मैदानातल्या बाकावर जाऊन बसले, ऊन डोक्यावर येईपर्यंत. मग रुमालाने नाक दाबून घरी आले, खोलीत शिरले, दार लावलं आणि रुमाल काढला. होता वास. अगदी होता. पलंगापाशी गेले, तिथे नाही. कपाटापाशी फक्त डांबराच्या गोळ्यांचा. न्हाणीघराचं दार उघडलं आणि तो थोबाडीत मारल्यासारखा आला. बेसिनवर वाकले. वरच्या बिऱ्हाडात कुणीतरी बादली रिकामी केली, भिंतीतून खळखळ गेली, आणि जाळीतून नासक्या अंड्यांची एक फुंकर माझ्या तोंडावर आली. मी बेसिनचे काठ धरून हसत सुटले. गटाराच्या वासाने इतका आनंद झालेली बाई जगात दुसरी नसेल.

भाऊ घरी आल्या आल्या त्याला सांगितलं. "वास बेसिनमधून येतो. ये, वाकून बघ."

"बेसिन मी बसवलंय," तो म्हणाला.

"म्हणूनच तुला सांगतेय."

"इतकी वर्षं नाही आला, आता कुठून येईल?"

"तू पाइप कापलास तेव्हापासून. नळवाल्याला बोलावू, तोच सांगेल."

"या घरात नळवाला येणार नाही." त्याने बूट काढून कपाटात ठेवले, नेहमीपेक्षा जोरात. वाकून बघायला तो आला नाही. भावजयीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती म्हणाली, "ताई, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. कुणी तुम्हाला दोष देत नाहीये."

अंगाचा तिळपापड झाला माझा. तिला वाटत होतं, म्हातारी लाजेपायी बेसिनवर ढकलतेय. आणि भावाचं तर मला त्या क्षणी लख्ख कळलं. आपला पाइप चुकला असं मानण्यापेक्षा आपली बहीण नासली असं मानणं त्याला सोपं गेलं होतं. हे मला फार लागलं. अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी मी नळसामानाच्या दुकानात गेले. गल्ल्यावरच्या बाईला हाताने हवेत चित्र काढून सगळं सांगितलं. तिने विचारलं, "पाइप मध्ये वाकलेला आहे की सरळ?"

"सरळ. आधी लोंबत होता."

"लोंबत होता तेच बरं होतं. त्यात पाणी अडून राहायचं, म्हणून खालची हवा वर येत नव्हती. सरळ पाइप म्हणजे तुम्ही आणि गटार एकाच खोलीत." तिने एक पांढरा वाकडा पाइप समोर ठेवला आणि तो कसा बसवायचा ते दाखवलं. लहान मुलाला बुटाची नाडी बांधायला शिकवावं तितकंच अवघड होतं ते.

दुपारी घर रिकामं झाल्यावर खाली बसले. माझे गुडघे खाली बसायला तयार असतात, उठायला नसतात, पण म्हटलं उठायचं नंतर बघू. बादली लावली. चिकटपट्टीचे थर सोलले. भावाने त्या पाइपाला जेवढी पट्टी गुंडाळली होती तेवढ्यात मोडलेलं हाड बांधून झालं असतं. नट सुटेना तेव्हा त्याला फडकं गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी पिळला. पाइप सुटला, आणि बादलीत काळं, बुळबुळीत असं काहीतरी पडलं. मग आतून एक शेपूट लोंबायला लागलं. मी धरून ओढलं. ते येतच राहिलं.

केस होते. वळ्यावळ्यांत अडकत, साबणाच्या मेणात घट्ट होत गेलेले, अंगठ्याएवढा जाड दोर. माझे केस पांढरे आणि पुरुषासारखे कापलेले. भावजयीचे खांद्यापर्यंत, लालसर रंगवलेले. हे काळे होते आणि लांब होते.

मी तो दोर नळाखाली धरून धुतला. का, ते माहीत नाही. धुवायची सवय. धुतल्यावर त्यातले काही केस पूर्वीसारखेच चमकले, आणि मला पोरीची पाठ आठवली, तिचं बोलणं आठवलं, मगातल्या पाण्याचा आवाज आठवला. तिच्याच केसांच्या कुजण्याने ती माझ्या उंबऱ्यात अडली होती. मला राग यायला हवा होता, पण मी तिथे फरशीवर बसून रडले. मग दोर कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. तो तिला दाखवणं म्हणजे तिच्या तोंडावर मारणं झालं असतं, आणि तिचा काय गुन्हा?

पाइप मात्र टाकला नाही. तो भावासाठी ठेवला.

नवा पाइप पहिल्यांदा ठिबकला. आतली रबराची चकती उलटी बसली होती, ती सुलटी केली आणि नट घट्ट पिळला. नळ पूर्ण सोडला. पाणी भोवरा करून सरसर गेलं, घोटभरही अडलं नाही. खिडकी उघडी टाकली. संध्याकाळी पुन्हा मैदानात जाऊन नाक ताजं करून आले. काही नाही. नुसती खोली.

जेवायच्या आधी वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना पाइप भावासमोर ठेवला. "हे तुझं."

त्याने उलगडलं, वळ्यांत राहिलेले चार केस बघून नाक मुरडलं आणि पुन्हा गुंडाळलं. "पाइपात चूक काही नव्हती," तो म्हणाला. "केस अडकले होते." आणि हात धुवायला उठून गेला. भावजय मात्र माझ्या खोलीत आली. मधोमध उभी राहून तिने मोठा श्वास घेतला. "खरंच की हो, ताई. काहीच नाही. आम्ही उगाच तुम्हाला..." पुढचं तिने सोडून दिलं. मला ते पुरलं. कुणाला गुडघे टेकायला लावायची मला हौस नव्हती. त्या आठवड्यात मी पोटभर जेवले. फवाऱ्याचा डबा फळीवरून गेला. पाहुणे आले तेव्हा माझं दार उघडं होतं.

आठवड्याच्या शेवटी भाऊ बैठकीत बुटांना पॉलिश करत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, उद्या सकाळी लवकर आवर. दहापर्यंत पोचू."

"कुठे?"

"ती जागा बघायला. बोललो होतो ना."

"अरे, वास गेला ना."

"गेला की. चांगलं केलंस तू ते." त्याने दुसरा बूट घेतला.

भावजय स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिने मला समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने. पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. बिचारी इतकी वर्षं बैठकीत सोफ्यावर झोपते, अभ्यासाला कोपरा नाही. "तिला कधीपासून म्हणतोय, आत्याची सोय झाली की ती खोली घे. पण ती हटून बसली होती. म्हणायची, आत्या गेली तरी तो वास भिंतींतून जायचा नाही, मी नाही तिथे झोपणार. तिचंच नक्की होत नव्हतं, म्हणून आम्हीही तुमचं लांबवत होतो. आता तुम्ही एवढं छान केलंत, तर ती लगेच हो म्हणाली. सगळंच सुटलं बघा."

म्हणजे भावाचं डोकं दुखत होतं ते रक्ताच्या नात्याने दुखत नव्हतं. या घरात मला इतके दिवस कुणी धरून ठेवलं असेल तर त्या वासाने. आणि तो मी माझ्या हाताने नट पिळून बंद केला होता. मी "बरं" म्हणाले. दुसरं काही म्हटलं असतं तरी ऐकायला तिथे कोण होतं? भाऊ बुटाची टाच घासत होता.

संध्याकाळी भाची आली. उंबऱ्यात थांबली नाही, सरळ आत आली आणि पलंगावर बसली. गादीवर हात फिरवला, खिडकीकडे बघितलं, मग भिंतीकडे, टेबल कुठे मावेल ते मनात मोजत असावी. वाईट नाही पोरगी. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

"आत्या, आता खरंच अजिबात वास नाही गं," ती म्हणाली. "केस धुऊ का इथे? पहिल्यासारखे?"

मी पाण्याचा मग उचलला. ती बेसिनवर वाकली, मी पाणी ओतलं, पाणी साबणासकट सरसर गेलं. मग ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि मी कंगवा घेतला. किती महिने वाट बघितली होती मी या पाठीची.

"आत्या, हे कपाट तू नेणार आहेस का?"

"नाही. राहू दे तुला."

"थँक्यू." ती थोडी मागे रेलली.

"एक मात्र कर," मी म्हणाले. "दर महिन्याला बेसिनखालचा नट सोडायचा आणि आतले केस काढायचे. कसं ते उद्या निघायच्या आधी दाखवते. नाहीतर खोलीला पुन्हा वास येईल."

"कसला?"

"तुझा."

ती हसली. तिला वाटलं, आत्या गंमत करतेय. मी विंचरत राहिले.